चिमुकल्या खिशातलं अर्धं ब्लेड

हळू! आधी बोटं मागे घ्या, मग ऐका. मी दाढीचं ब्लेड बोलतोय, आणि तेही अर्धं. सध्या माझा मुक्काम बदलापुरात, कुळगावच्या एका चाळीत आहे. मुक्काम म्हणायचं इतकंच. एका जागी स्वस्थ बसणं माझ्या अंगातच नाही.

जन्माचं फार सांगत बसत नाही. पोलादाच्या लांबलचक पट्टीतून मला कापलं, दोन्ही कडांना धार लावली आणि मेणकागदात गुंडाळलं. मग उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एका सिंधी शेठच्या दुकानात मी पुठ्ठ्याला लटकत राहिलो. आमच्याकडे कुणी ढुंकून बघेना. आताच्या पोरांना दाढी ठेवायची असते, आणि ज्यांना नको असते त्यांना प्लास्टिकचं रेझर लागतं. माझा जीव नुसता कासावीस. शेवटी कमळाकरने आमचं पाकीट उचललं तेव्हा हायसं वाटलं.

कमळाकर अंबरनाथला रसायनांच्या कारखान्यात कामाला. तिथला मास्क दाढीवर नीट बसत नाही, म्हणून त्याला रोज गुळगुळीत दाढी करावी लागते. त्याचा हात हलका. फेसातून सरसर फिरताना माझा तोरा काय विचारता! पण चार-पाच दाढ्यांत तो उतरला. "ओढायला लागलं," म्हणत त्याने मला काढलं आणि तो कचऱ्याच्या बादलीकडे वळला.

"अहो, टाकू नका! मला पाहिजे ते," आतून तुळशी ओरडली.

तुळशी म्हणजे त्याची बायको. उल्हासनगरात जीन्सचे कारखाने पुष्कळ. शिवून झालेल्या पँटींना जागोजागी धाग्यांची शेपटं लोंबत असतात. ती कापायला पँटींचे गठ्ठे घरोघरी येतात आणि आमच्या चाळीतल्या बायका दुपारभर ते काम करतात. कात्रीने अंगठा सुजतो, वेळही जातो. ब्लेड कसं, शिवणीला लागून भुर्रकन जातं. म्हणून नवऱ्याचं जुनं ब्लेड हे इथे बायकोचं हत्यार. तुळशीने मला कागदात धरून मधोमध कडकन मोडलं. एका ब्लेडची आम्ही दोघं भावंडं झालो. भाऊ खिडकीत गेला आणि मोडल्या कडेला चिकटपट्टी लावून घेऊन मी कामाला लागलो.

आता इथली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. काम करताना मध्येच फोन वाजतो, दूध उतू जातं. उठताना ब्लेड खाली ठेवावं तर घरात पोरांचे अनवाणी पाय. शेजारच्या वृंदाची तेजल तर दिवसभर या घरातून त्या घरात पळत असते. म्हणून बायका उठताना ब्लेड हातातल्याच पँटच्या खिशात खुपसतात. मोठ्या खिशावर एक चिमुकला खिसा असतो ना, त्यात. पोरांच्या पायाला लागू नये म्हणून! मलासुद्धा ही युक्ती फार शहाणपणाची वाटायची.

त्या दिवशी भलत्याच वेळी नळाला पाणी आलं. तुळशीने मला खिशात खुपसलं आणि ती बादल्या घेऊन धावली. तेवढ्यात माल वाटणारा महेंद्र दारात हजर.

"वहिनी, झालेला माल द्या पटापट. टेम्पो रोडवर उभाय, पोलीस फाइन मारेल!"

तुळशी नळावरून ओरडली, "वृंदा, दे गं तेवढं बांधून!"

वृंदा भाबडेपणाने धावली. झालेल्या पँटी, अर्धी राहिलेली पँट, सगळं एकत्र करून तिने गाठ मारली. मी आत. ओरडून ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड आहे ते फक्त कापायचं.

गठ्ठ्यात घुसमटत, टेम्पोत आदळत मी उल्हासनगरला पोचलो. आणि वाटेतच माझ्या लक्षात आलं, की मी चार-पाच वर्षांच्या पोराच्या पँटीत आहे. त्या वयाचं पोर नवीन पँट घातली की पहिलं काय करतं? खिशात बोट घालतं. मी घाबरलो, सरळ सांगतो. महेंद्रच्या गाळ्यावर माझ्यावरून गरम इस्त्री फिरली, मी चटचट भाजलो, पण इस्त्रीवाल्याच्या हाताला काही जाणवलं नाही. पँटीची घडी झाली, पिशवीत भरली, खोक्यात गेली. आता कुठल्या गावचं, कुणाचं पोर? मला राहवत नव्हतं आणि करता काहीच येत नव्हतं.

तिकडे घरी काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. तुळशी पाणी भरून आली, ब्लेड शोधायला लागली, आणि थेट वृंदाच्या दारात धावली.

"वृंदा, माझं ब्लेड पँटीतच गेलं गं."

"गप्प बस," वृंदा दबक्या आवाजात म्हणाली. "कुणाला कळतंय कुणाचं ते? सगळ्या चाळीचा माल मिक्स होतो. बोललीस तर महेंद्र आपल्या सगळ्यांचं काम बंद करेल. आणि काही नाही होत, कोण बघतंय त्या खिशात!"

तुळशी तेजलकडे बघत उठली. कमळाकर पहिली पाळी संपवून दारात आला तेव्हा ती चप्पल घालून तयार होती. "गाडी फिरवा, उल्हासनगरला जायचंय."

गाळ्यावर महेंद्रने कपाळाला हात लावला. "काय बोलताय वहिनी! माल पॅक झाला, माल घेणारी पार्टी गाडी घेऊन येतेय. एवढ्या ढिगात कुठे शोधायचं? छोडो ना यार!"

"माझा माल आहे, मी शोधते. तू नको हात लावू."

"आणि पार्टी आली तर?"

"आली तर तिलापण सांगेन," तुळशी म्हणाली.

कमळाकरने काही न विचारता पहिलं खोकं फोडलं. नवरा पिशव्या उघडतोय, बायको खिसे दाबून बघतेय. महेंद्र येरझाऱ्या घालतोय, मध्येच घड्याळ बघतोय, मध्येच शिव्या पुटपुटतोय. खोक्यामागून खोकी गेली. पार्टीचा फोन दोनदा वाजला. घाईघाईत तुळशीने दाबून बघणं सोडलं आणि ती सरळ बोट घालायला लागली.

मी सापडलो तो असा. तिच्या बोटात शिरलो. मला थांबता आलं नाही हो, धार धरून ठेवता येत नाही मला. रक्ताची धार लागली. आणि ती बाई "सापडलं, सापडलं!" म्हणत हसत होती, रडत होती. तिचं बोट कापल्याचं दुःख मला आजही आहे.

महेंद्र हुश्श करून म्हणाला, "चला, आता भरा परत."

"नाही," बोटाला रुमाल गुंडाळत तुळशी म्हणाली. "उरलेली पण बघायची."

आणि अगदी तळाच्या खोक्यात, दुसऱ्या एका पँटीच्या चिमुकल्या खिशात, आणखी एक अर्धं ब्लेड निघालं. ते आमच्या घरचं नव्हतं. महेंद्र मग खाली बसला आणि स्वतः खिसे दाबायला लागला.

म्हणून त्याने तुळशीचा सत्कार केला असं समजू नका. माल उशिरा मिळाला म्हणून पार्टी त्याच्यावर भडकली, त्याने चाळीचे गठ्ठे बंद केले. काही दिवसांनी पुन्हा आले ते सगळ्यांकडे, फक्त तुळशीकडे नाही. बायका तिच्या दारावरून मान वळवून जायच्या. वृंदाने तर बोलणंच टाकलं. मी आतल्या आत तडफडत होतो. खरं बोलली तिच्याच वाट्याला हे!

कमळाकरने मात्र एक केलं. पावडरच्या पत्र्याच्या डब्याला झाकणात फट पाडली, झाकण चिकटपट्टीने पक्कं बंद केलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ब्लेड आहेत, उघडू नये'. डबा न्हाणीत उंच फळीवर ठेवला. मला आणि भावाला त्यात टाकलं, आता रोजची जुनी ब्लेडंही त्यातच. भरला की तुळशी तो घंटागाडीवरच्या काशीच्या हातात वेगळा देणार, काय आहे ते सांगून. काशी हातानेच कचरा निवडते. तुमच्याकडेही एखादा डबा असेलच, काढा तो. कागदाच्या पुडीत बांधून कचऱ्यात टाकलंत तर कागद भिजतो आणि मी बाहेर येतो. मला विश्वासू समजू नका.

काल दुपारी दार वाजलं. वृंदा होती, तेजलला कडेवर घेऊन. तेजलच्या अंगात नवी जीन्स.

"महेंद्रभाऊने दिली. रिजेक्टमधली," वृंदा म्हणाली.

"छान दिसते," तुळशी म्हणाली.

वृंदा उंबऱ्यातच उभी राहिली. "हिला घालायच्या आधी मी खिशात बोट घातलं गं. सगळ्या खिशांत."

"होतं काही?"

"नव्हतं." तिला हुंदका आवरेना. मग तिने पदराची गाठ सोडली, कागदात गुंडाळलेलं स्वतःचं अर्धं ब्लेड काढलं आणि विचारलं, "तुझा तो डबा कुठे आहे?"