सोजरबाईंच्या विहिरीचं पाणी

१९७३ सालचा एप्रिल. होटगीच्या पुढं निंबाळवाडीला आमचा मिशनचा दवाखाना होता आणि मी तिथं मुख्य परिचारिका होते. साठ वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी तो दोन खोल्यांत सुरू केला होता. माझे आजोबा महारवाड्यातून निघाले ते तिथंच, बाप्तिस्मा घेऊन. आजी बाईंच्या हाताखाली बाळंतपणं शिकली. माझा जन्मही तिथलाच. पुढं बाई वारल्या, त्यांच्यामागून आलेले गोरे डॉक्टर एकेक करून मायदेशी गेले, आणि शेवटी डॉक्टर शांतवन साळवे, मी, दोन नर्सा आणि पाणी भरणारा भीमा एवढेच उरलो.

फेब्रुवारीत दवाखान्याची विहीर आटली होती. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, पण या खेपेला पाच दिवस झाले तरी आला नव्हता. रोगी आम्ही घरी पाठवले होते. वॉर्डातल्या खाटा नुसत्या धुळीनं भरल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला नागप्पा नावाचा माणूस बैलगाडीत बायकोला घालून आला. दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. बायकोचं नाव चन्नम्मा. कळा सुरू होऊन दीड दिवस झाला होता. तिच्या अंगावरचं धडुतं दूर केलं तर बाळाचा हात बाहेर आलेला.

डॉक्टरांनी तपासलं. पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले.

"मूल आडवं आहे, रिबका. ठोके अजून लागतायत. पोट उघडावं लागेल, आणि लगेच."

"सोलापूरला?"

"गाडीत ती होटगीपर्यंतसुद्धा टिकायची नाही."

मी पाण्याकडं बघितलं. एक घागर, तीही अर्धी. हत्यारं उकळायची, हात धुवायचे, तिला पुसून घ्यायचं. सलाइनच्या तीन बाटल्या होत्या, पण त्या तिच्या अंगात जायला हव्या होत्या.

भीमा खडीच्या कामावरच्या टँकरपाशी जाऊन रिकाम्या घागरी घेऊन परत आला होता. तिथल्या कारकुनानं त्याला हाकलून दिलं होतं.

"सोजरबाईंच्या विहिरीला पाणी हाय," तो म्हणाला. "पर ती देती व्हय? घरच्या म्हशीला तांब्यानं पाजती."

"चल," मी म्हणाले.

विहीर अर्ध्या मैलावर होती. सोजरबाई साठीच्या विधवा. दिवसभर विहिरीच्या काठावर बसून राखण करायच्या, कारण त्या तळाच्या गुडघाभर पाण्यावर त्यांच्या दोन म्हशी जगत होत्या. चार वर्षांपूर्वी आमच्याच दवाखान्यात त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. आठ दिवस मी त्यांच्या डोळ्यात औषध घातलं, पण त्या आठ दिवसांत माझ्या हातचा पाण्याचा घोट त्यांनी घेतला नव्हता.

मी धापा टाकतच सगळं सांगितलं.

"एकीला दिलं की समदं गाव इल, सिस्टरबाई."

"मी कुणाला सांगणार नाही. चार घागरी द्या. बाई मरायला लागली आहे."

त्यांनी विहिरीत वाकून बघितलं. मग पदर खोचून उठल्या.

"देती. पर तुमी दोघं तितं लांबच ऱ्हावा. दोराला हात लावू नगा. मी शेंदून वतते."

आम्ही लांब उभे राहिलो. त्यांनी बादली सोडली. विहीर खोल होती आणि म्हातारीच्या दंडात ताकद उरली नव्हती. बादली वर येईपर्यंत निम्मी सांडायची. दोन ओढी घेतल्या की थांबायच्या, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायच्या. पहिली घागर भरायलाच पंधरा मिनिटं गेली. ती देऊन मी भीमाला पुढं पळवलं. दुसरी घागर अर्धी झाली. मी घड्याळाकडं बघत होते आणि मला त्या बाळाचा बाहेर आलेला हात दिसत होता.

"सोजरबाई, मला ओढू द्या."

"न्हाय म्हनलं न्हवं?"

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी धावत गेले आणि त्यांच्या हातातून दोर हिसकावून घेतला. त्या ओरडल्या. मी बादली सोडली, ओढली, ओतली, परत सोडली. ओरडणं थांबलं तेव्हा मी वळून बघितलं. त्या खाली मातीत बसल्या होत्या, आणि माझ्या हातांकडं बघत होत्या. तेवढ्यात भीमा रिकामी घागर घेऊन परतला. उरलेल्या घागरी आम्ही भरून घेतल्या. त्यांच्याशी एक शब्द न बोलता मी निघाले.

डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मुलगा होता. निळा पडलेला. मी त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, उलटा धरला. अर्धा तास धडपडले. शेवटी डॉक्टर टाके घालता घालता म्हणाले, "रिबका, आता पुरे." चन्नम्मा वाचली.

शेजारच्या बांधावर शेळ्या राखणाऱ्या कुणीतरी मला दोर ओढताना बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी सोजरबाईंचा पुतण्या महिपती भावकीतली चार माणसं घेऊन आला. विहीर बाटली, म्हणाले. त्यांनी दुपारपर्यंत सगळं पाणी उपसलं आणि रानात ओतून दिलं. भीमा लांबून बघत होता. जमीन इतकी तापली होती की ओल क्षणभरसुद्धा टिकत नव्हती, असं त्यानं मला सांगितलं. सोजरबाई महिपतीच्या पाया पडत होत्या, तेही त्यानंच सांगितलं.

त्या रात्रीत विहिरीच्या तळाचा झिरा काही भरला नाही. आठवड्यानं एक म्हैस बसली ती उठलीच नाही.

मी त्यांच्या घरी गेले. उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. त्या चुलीपुढं बसल्या होत्या.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"ती बाई जगली का?"

"जगली."

"आन प्वार?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"माजंच हात चालंनात," त्या म्हणाल्या. "आदीच दोर तुज्या हातात दिला असता तर..." आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. मला आत जाऊन त्यांना धरावंसं वाटलं. मी गेले नाही. मला बघितलं असतं तर भावकीनं त्यांचं घरही धुवायला लावलं असतं.

डॉक्टरांनी मिशनच्या मंडळाला पत्र लिहिलं, की पाण्यावाचून शस्त्रक्रिया करणं म्हणजे माणसं मारणं आहे. मे महिन्यात उत्तर आलं, दवाखाना तात्पुरता बंद ठेवा. ट्रक आला, खाटा आणि हत्यारं घेऊन गेला. पुढं पाऊस झाला, विहिरी भरल्या, पण तो दवाखाना काही परत उघडला नाही. मी सोलापुरात नोकरी धरली. तिथं नळाला पाणी होतं. हात धुताना नळ सोडून मी तशीच उभी राहायचे, आणि तिथले डॉक्टर रागावले की मग तो बंद करायचे.