सिमेंटखालून सुटलेली भिंत

मी एक जुनी भिंत आहे, नवी मुंबईतल्या पावणे गावातली, दीड हात जाड. मित्रांनो, आज मी इतकी खूश आहे की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही!

या घरात राहणाऱ्या वेणूबाईंच्या सासऱ्यांनी मला दगड-चुन्यात बांधलं. बाहेरून गिलावाही चुन्याचाच. जमिनीतली ओल माझ्यात चढायची आणि चुन्यातून हळूहळू उडून जायची.

मग वेणूबाईंच्या मुलाने, वामनने, मोठ्या हौसेने मला सिमेंटचा गिलावा केला. दोन वर्षांत पोपडे आले. दरवर्षी गणपती जवळ आले की तो पोपडे खरवडायचा, पुन्हा सिमेंट थापायचा, वर ऑइलपेंट मारायचा. पाहुणे जाईपर्यंत मी छान दिसायचे. आत ओल कोंडतच होती. मला लागून वेणूबाईंचा पलंग; त्यांचा खोकला वाढत गेला.

"आई, तूच पाणी सांडतेस."

"हो रं, रोज भिंतीला आंघोल घालते मी!"

यंदा संक्रांतीनंतर ओलीला कंटाळून वामनने ठरवलं, घर पाडायचं आणि आईला कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये न्यायचं.

"मी कुठं येनार नाय," वेणूबाई म्हणाल्या. त्यांनी साताऱ्याकडच्या हौसेराव गवंड्याला बोलावलं. त्याने सिमेंटचा एक तुकडा उडवला. आतला चुना काळा, ओलाचिंब.

"वामनशेठ, हिला रेनकोट घातलाय तुम्ही. घाम जाणार कुठनं?"

"काढलं तर सुकेल? गॅरंटी?"

"उन्हाळा जाऊ द्या. गणपतीपर्यंत सुकली नाही, तर घर पाडायला पहिली पहार मीच घालतो."

छिन्नी चालली, सिमेंट धडाधड कोसळलं आणि अंगाला वारा लागला! किती वर्षांनी! चैत्र-वैशाख मी उघडीच उभी होते. सुकताना आतले क्षार बाहेर येऊन अंगावर पांढरं मीठ फुललं, हौसेराव ते ब्रशने झाडत राहिला. मग चुन्याचा गिलावा, वर चुन्याची सफेदी. मग पावसाळा. आता माझी परीक्षा होती.

काल, गणपतीच्या आदल्या दिवशी, वामनने माझ्यावर तळहात ठेवला. वर, खाली, पलंगामागे. कोरडी! सगळीकडे कोरडी!

"आई, राहा इथेच," तो हळूच म्हणाला.

"मी गेले व्हते कवा?" वेणूबाई हसल्या.

मित्रांनो, तुमच्याकडच्या जुन्या भिंतीला ओल आली तर ती झाकू नका. ओल कुठून येते आणि कुठे अडते, ते आधी शोधा. वाट मोकळी करा आणि भिंतीला एक उन्हाळा द्या. आम्ही फार काही मागत नाही.