तुपावर भाजलेला रवा

माझी नात अनिका बंदुका दुरुस्त करते. एवढं साधं वाक्य माझ्या मुलाला आणि सुनेला सहा वर्षांत चारचौघांत बोलता आलं नाही, म्हणून मी लिहिते. मी चौथी पास. लाजायला शिकवतात त्या वर्गापर्यंत मी पोचलेच नाही. आमच्या टेक्ससमधल्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळात सून दीपा सांगते, मुलगी "मेटलमध्ये" आहे. मुलगा प्रफुल्ल तेवढंही सांगत नाही. कुणी विचारलं की तो टेक्ससच्या उन्हाळ्यावर बोलायला लागतो.

गावाबाहेर तासाभरावर हॅस्कल नावाच्या म्हाताऱ्याचं दुकान आहे, तिथे ती काम करते. हॅस्कलची दाढ कायम दुखत असावी असा त्याचा चेहरा. त्यानं तिला सांगून ठेवलं होतं: तू स्वतः आखलेलं ते नवं काडतूस शनिवारी मला करून दाखव, पन्नास पुंगळ्या. नीट निघाल्या तर दारावर माझ्या नावाखाली तुझं नाव लावतो. नाही निघाल्या तर दुसऱ्यांच्या बंदुका पुसत राहा. त्या शनिवारवर पोरीचं सगळं टांगलेलं होतं. महिनाभर ती जेवताना ताटाकडे बघत नव्हती.

हे काडतूस कुठल्याच दुकानात मिळत नाही, असं तिनं मला समजावलं होतं. बाजारातली साधी पितळी पुंगळी घ्यायची. आपल्या मापानं कोरलेल्या बंदुकीत घालायची. आत चिमूटभर दारू, वर रवा भरायचा, तोंडाला मेण. गोळी नाहीच. चाप ओढला की आतल्या दाबानं पितळ फुगतं, बंदुकीच्या घराला जाऊन चिकटतं आणि त्या घराचा आकार घेऊन बाहेर येतं. पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा बाक, कसा टोकदार निघाला पाहिजे, तेही तिनं बोटानं दाखवलं. मी म्हटलं, यात नवीन काय, मलाही सोळाव्या वर्षी एका घरात घालून दार लावलं होतं, आणि आकार घेऊनच बाहेर आले. तिला हसू आलं नाही. ती मापं लिहीत होती.

रवा त्यांच्या दुकानात डब्यातला असतो, अमेरिकन लोक सकाळी दुधात शिजवतात तो. शनिवारी सकाळी हॅस्कलचा फोन आला की डब्यात उंदीर शिरला. अनिका धावत स्वयंपाकघरात आली. दीपा मंडळाच्या कार्यक्रमासाठी पैठणी नेसत होती. तिथूनच म्हणाली, फ्रिजमध्ये माझी पिशवी आहे, ती ने.

आता दीपा रवा फ्रिजमध्ये ठेवते, कच्चा. गारठलेला, मेल्यासारखा पांढरा. मी असला रवा घरात धरत नाही. माझा रवा आणला त्याच दिवशी भाजला जातो, आणि दोन चमचे तूप सोडल्याशिवाय तो कढईतून उतरत नाही. पोरीच्या एवढ्या मोठ्या दिवशी फ्रिजमधला रवा? मी माझा डबा तिच्या हातात दिला. रंग जरा गुलाबी आहे हे तिनं पाहिलं असेल, पण तिनं जन्मात रवा भाजलेला नाही. आणि माझा रवा जातोय म्हटल्यावर मीही गाडीत बसले.

दुकानामागे मातीचा उंच ढीग आहे, त्यात बार काढतात. मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, कानावर मोठी झाकणं दिली. अनिकानं पहिला बार काढला. आवाज व्हायला हवा होता तसा झाला नाही. दुसऱ्याला नुसता सुस्कारा निघाला. बारा बार झाले, आणि टेक्ससच्या त्या माळावर शिऱ्याचा वास पसरला. मी ओळखला. माझ्या हातचा वास मी ओळखणार नाही तर कोण.

हॅस्कलनं पुंगळ्या एकेक उचलून भिंगाखाली धरल्या. खांदे गोल होते, पावसात राहिलेल्या साबणासारखे. तो हळू आवाजात बराच वेळ बोलला. मला इंग्रजी येत नाही, पण कुणी कुणाला कमी लेखतंय हे समजायला भाषा लागत नाही. अनिकाला विचारलं. ती म्हणाली, "तो म्हणतो, चेंबर, ते बंदुकीचं घर, मी चुकीचं कट केलंय. माझा हात अजून तयार नाही म्हणतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"आय सेड ओके. मे बी ही इज राइट, आजी. मी परत पहिल्यापासून करीन."

मी आधी दुसरीकडे बोट दाखवून पाहिलं. दारू जुनी असेल म्हटलं. मग मेणावर घातलं. मग हवेत दमटपणा आहे का असं विचारलं. टेक्ससमध्ये, जूनमध्ये. अनिका बंदूक पुसायला लागली. ती तशी पुसत होती ते मला बघवेना.

"त्यात तूप आहे," मी म्हटलं.

"कशात?"

"रव्यात. दोन चमचे. अडीच असेल."

तिनं फडकं खाली ठेवलं. "आजी, यू पुट घी इन माय केसेस?"

"मी रव्यात घातलं. पुंगळ्यांत तू भरलंस. आता उभी राहू नको, सांग त्याला."

तिनं सांगितलं. तूप म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली. हॅस्कलनं डबा उघडून वास घेतला, बोटांत रवा चोळला, बोटाला चकाकी आली. तेलकटपणा दारूला लागला की ती नीट पेटत नाही, एवढं त्यालाही माहीत होतं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या दुकानात मेंढी सोडली आहे. मग घड्याळ दाखवलं. त्याच पुंगळ्या पुन्हा भरता येतील, म्हणाला, तीन वाजेपर्यंत थांबतो.

अनिकाला दुकानं शोधत फिरायला वेळ नव्हता. सगळी दारू काढून, पुंगळ्या धुऊन वाळवायच्या होत्या. फोन मलाच करावा लागला. दीपाला म्हटलं, तुझी ती फ्रिजमधली पिशवी घेऊन ये.  ती म्हणाली, "माझी, आई?" मी म्हटलं, तुझी. तिनं ते आणखी एकदा वदवून घेतलं, आवाज नीट येत नाही म्हणून. मंडळात रेंज चांगली असते.

दीडच्या सुमारास पैठणीतली दीपा त्या आवारात उतरली, हातात रव्याची पिशवी, पाठीमागे प्रफुल्ल, त्याला इथेही उन्हाळ्यावर बोलायचं होतं. सहा वर्षांत दोघं पहिल्यांदा आले होते. दीपानं मुलीला पुंगळ्यांवर वाकलेलं पाहिलं आणि पिशवी द्यायची विसरली. मी तिच्या हातातून काढून घेतली.

या खेपेला आवाज झाला. खांदे कोयरीच्या डबीसारखे कोरीव निघाले, एकामागून एक, पन्नास. हॅस्कलनं प्रत्येक पुंगळी मापाच्या साच्यात घालून पाहिली, एकीवर जास्त वेळ घालवला, पण तीही बसली. मग खिशातून पेन्सिल काढून त्यानं दारावर आपल्या नावाखाली एक रेघ मारली आणि अनिकाला स्पेलिंग विचारलं. पोरगी तीन वेळा चुकली.

पहिली पुंगळी तिनं आईला दिली. दीपानं ती पर्समध्ये ठेवली आणि तिथे आवारातूनच दोन मैत्रिणींना फोन करून सांगितलं, मुलीचं काडतूस आपल्या फ्रिजमधल्या रव्यावर तयार झालं. माझ्या रव्याचं नाव निघालं नाही. ते मी ऐकून घेतलं. सोपं नव्हतं.

परतताना मी अनिकाच्या गाडीत होते. ती म्हणाली, "आजी, तू बोलली नसतीस तर कुणाला कळलंच नसतं. तुला एवढं एम्बॅरेसिंग झालं. मग का सांगितलंस?"

"तो तुझ्या हाताला नावं ठेवत होता," मी म्हटलं. "तुझ्या हाताला नावं ठेवायला मी आहे ना घरात. बाहेरचा माणूस कशाला?"

ती हसत सुटली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. मी तिला समोर बघून गाडी चालवायला सांगितली.