पुसलेली सहा मिनिटं

धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या बाजारचौकात धनलालचं फोटो-व्हिडिओचं दुकान होतं. २००५ च्या उन्हाळ्यात त्यानं नागपूरहून छोट्या कॅसेटचा डिजिटल कॅमेरा आणला. त्यावर पहिलं लग्न काढलं ते जवळच्या कामठा गावच्या ताराचंदभाऊंच्या मुलीचं, दीप्तीचं. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून सीडी करायची होती, पण एकेक काम येत गेलं आणि ते राहिलं.

जुलैत रोवणी चालू असताना दीप्तीची आई, कलाबाई, धानाच्या बांधीत साप चावून गेली.

पंधरा दिवसांनी ताराचंदभाऊ दुकानात आले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"सीडी झाली का जी? घरी तिचा एकच फोटो आहे, रेशनकार्डाचा. तुमच्या कॅसेटमंदी ती गाणं म्हणून राहिली आहे, दीप्तीले वाटी लावताना, पाठवणीच्या वक्ती."

"परवा या, भाऊ. देतोच," धनलाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कामाला बसला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर त्यानं आधी कॅसेट चालवून पाहिली. कलाबाई मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, दीप्तीच्या पाठीवर हात ठेवून. गाणं सुरू होणार तिथंच त्यानं कॅसेट थांबवली. कॅमेरा बंद केला, कॉम्प्युटरची वायर जोडली, कॅमेरा पुन्हा चालू केला, छोटा पडदा मिटून ठेवला.

कॉम्प्युटरवर काळं.

त्यानं वायर काढून लावली. काळं. प्रोग्राम बंद करून उघडला, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. काळंच. कॉम्प्युटरमधलं व्हिडिओचं कार्ड विकणाऱ्या नागपूरच्या माणसाला फोन लावला तर तो म्हणाला, ड्रायव्हर पुन्हा टाका. तेही झालं. कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून पाहिलं, तर फाईल बनली आणि तीही काळी. मग मनाशी चरफडत त्यानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं. आत कॅसेट फिरायला लागल्याचा बारीक आवाज आला, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. आता दिसेल, आता दिसेल, म्हणत तो सेटिंग चाळत राहिला.

त्याची बायको चंचल चहा घेऊन आली.

"अवं पाह्य ना, काऊन दिसून नाही राहिलं," तो म्हणाला.

चंचल कॅमेऱ्याकडे बघत होती. "हा समोरचा लाल दिवा कायचा जळून राहिला?"

धनलालनं वळून पाहिलं. बंद कॅमेरा पुन्हा चालू करताना त्याची चालू-बंदची चकती उलट्या बाजूला फिरली होती. कॅसेट बघायच्या बाजूला नाही, शूटिंगच्या बाजूला. लेन्सवर झाकण होतं, म्हणून पडदा काळा. आणि जुन्या कॅमेऱ्यावरच्या सात वर्षांच्या सवयीनं अंगठ्यानं दाबलं होतं ते लाल बटण. कॅमेरा शूटिंग करत होता. त्याच कॅसेटवर.

त्यानं झडप घालून बटण बंद केलं. चकती दुसऱ्या बाजूला फिरवली. कॉम्प्युटरवर लगेच चित्र आलं, स्वच्छ, रंगीत. वायर, कार्ड, ड्रायव्हर, सगळं आधीपासून ठीक होतं. त्यानं कॅसेट मागे नेली. कलाबाईनं पदर सावरला, श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला. काळ्यातून धनलालचाच आवाज आला, "हे काय आहे बाप्पा…" मग खुर्चीचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. शेवटी चंचल, "हा समोरचा लाल दिवा…" आणि पुन्हा मांडव. कलाबाई डोळे पुसत होती. गाणं संपलं होतं.

सहा मिनिटं. कॅसेटची खिटी सरकवून ठेवली असती तर पुसलंच गेलं नसतं. तेही त्यानं केलं नव्हतं.

"माय वं!" चंचलनं चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "उद्या ते आपल्या पायानं येतील. त्याच्या आधी तुमी जा."

दुपारी तो मोटरसायकलनं कामठ्याला गेला. दीप्ती माहेरीच होती. अंगणात उभं राहूनच त्यानं सांगितलं, काही न लपवता. ताराचंदभाऊंना आधी कळलंच नाही.

"म्हणजे, गाणं नाही?"

"नाही जी. माझ्या हातून पुसलं."

ते ओसरीच्या कडेला बसले, तोंड अर्धवट उघडं ठेवून. दीप्ती मात्र पुढे आली.

"तुमाले झाकण नाही दिसलं? लेन्सवरचं झाकण?"

मग तिनं पुढचं विचारलं.

"बाकीचं आहे ना? मी येतो उद्या. माझ्यासमोर उतरवा."

दुसऱ्या दिवशी ती आणि ताराचंदभाऊ आले. तास-दीड तास कॅसेट चालत होती. दीप्ती कॅमेऱ्याला लागून बसली होती, लाल बटणावर स्वतःचा तळहात आडवा धरून. धनलाल नुसता माऊस हलवत होता. ती सहा मिनिटं आली तेव्हा ताराचंदभाऊ पुढे वाकून काळ्या पडद्याकडे एकटक पाहत राहिले.

"हे कापू का?" धनलालनं हळूच विचारलं.

"कापा," दीप्ती म्हणाली. "मले तुमचा आवाज नाही पाहिजे."

सीडी तयार झाल्यावर तिनं ती कॅसेटही मागून घेतली. जाताना ताराचंदभाऊ दारात थांबले.

"कोणतं गाणं म्हणून राहिली होती जी ती? तुमी तर जवळ होता."

धनलालनं आठवून पाहिलं. त्या वेळी त्याचं सगळं लक्ष उजेडाकडे होतं.

"ध्यानात नाही, भाऊ," तो म्हणाला.

ताराचंदभाऊंनी मान हलवली आणि ते एसटी स्टँडकडे निघाले. दीप्ती आधीच पुढे गेली होती.