बारा वाजून चौदा मिनिटांचं तापमान

तक्त्यातली ती ओळ अगदी साधी होती. चोवीस ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी बारा वाजून चौदा मिनिटं, ब्याण्णव अंश. तिच्या वर एक्क्याण्णव, खाली पुन्हा ब्याण्णव. दर मिनिटाला एक, अशा ओळी पावणेतीनपर्यंत उतरत गेल्या होत्या. मध्ये दोनदा खंड होता, तेवढाच.

शिवकन्याने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. आकडा मोठा होता म्हणून ती दचकली नव्हती. त्या वेळी तिथे एकही ओळ असायला नको होती. लॅपटॉप बंद असला की त्याच्या तापमानाची नोंद होत नाही, आणि दुपारी तो बंदच असायचा. तिचा मुलगा मृत्युंजय सकाळी आठच्या एस.टी.ने माजलगावला कॉलेजात जायचा. नवरा संगमेश्वर दुकानात आणि ती स्वतः शाळेत. घरात मागे राहायच्या फक्त तिच्या सासूबाई, दानम्मा. त्यांना तर फुलवाती वळायलासुद्धा धड दिसत नव्हतं.

प्रकरण सुरू झालं होतं एका कूलिंग पॅडवरून. मृत्युंजयचा लॅपटॉप त्याच्या मामाने पुण्यात वापरून दिलेला, गेम खेळायचा, सतरा इंची, वजनाला चार किलो. कॉलेजात न्यायचा म्हटला तर पाठ मोडायची, म्हणून तो घरीच असायचा. तो तापायचा आणि चालता चालता आपोआप बंद पडायचा. "आई, खाली ठेवायला पंख्याचा पॅड पाहिजे," असं मृत्युंजयने दसऱ्यापासून चालवलं होतं. शिवकन्या तेलगावच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवत होती. मोजल्याशिवाय घ्यायचं नाही, असं तिने सांगितलं.

माजलगावच्या राधाकिशनने तीन पॅड पारखायला दिले. त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. साड्या घरी नेऊन पसंत करायची रीत त्याने कॉम्प्युटरच्या दुकानातही ठेवली होती.

"मॅडम, हा घ्या. ह्याच्यात निळी लाईट आहे," तो म्हणाला होता.

"लाईटने किती अंश कमी होतं?"

"कमी होत नाही, पण गार झाल्यासारखं वाटतं."

एका पॅडला मधोमध एकच मोठा पंखा होता. दुसरी नुसती धातूची जाळी, बिनपंख्याची. तिसऱ्याला पाच लहान पंखे. शिवकन्याने लॅपटॉप चालू केला, तो कलता धरला आणि खालच्या फटींजवळ पेटती उदबत्ती नेली. धूर डाव्या आणि उजव्या कडेला आत ओढला जात होता. मधोमध तो सरळ वर जात होता. म्हणजे मोठा पंखा जिथे वारा फेकणार, तिथे हवा घ्यायला वाटच नव्हती. तरी तिने त्याला बाद केलं नाही. तापमान टिपणारी प्रणाली मृत्युंजयकडून बसवून घेतली. लॅपटॉप सुरू झाला की ती आपोआप सुरू व्हायची. सोमवार-मंगळवार मोठा पंखा, बुधवार-गुरुवार जाळी, शुक्रवार-शनिवार पाच पंखे, असा क्रम तिने कागदावर लिहून भिंतीला लावला.

आज शुक्रवार. सकाळी जाळी काढून पाच पंख्यांचा पॅड ठेवताना तिने पहिल्यांदा तक्ता उघडला, आणि ही ओळ दिसली. ती वर वर सरकत गेली. बुधवारी तेच. मंगळवारी तेच. सोमवारी बारा वाजून दोन मिनिटांपासून.

लॅपटॉपचं घड्याळ चुकलं असेल म्हणून तिने मोबाईलशी ताडून पाहिलं. दोन्हीकडे सात वाजून एकेचाळीस. मृत्युंजय चपला घालत होता.

"दुपारी तू घरी येतोस का?"

"मी? न्हाई. कावून?"

"मग हा कोण चालवतो?"

त्याने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि चपलेचा पट्टा पुन्हा लावला. तो आधीच लागलेला होता. "आपोआप अपडेट होत असंल. एस.टी. चुकंल, आई."

तो गेला. पोरगं कॉलेज बुडवून घरात बसतंय आणि आजीला दिसत नाही याचा फायदा घेतंय, असंच शिवकन्याच्या मनाने घेतलं.

आजीचं न दिसणं ही त्या घरातली जुनी दुखरी गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी दानम्मांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पाहून सांगितलं होतं, की हा फार पिकू देऊ नका. डोळ्यातला दाब वाढला तर गेलेली नजर कशानेच परत येत नाही. उजव्या डोळ्यातही सुरुवात होतीच. दानम्मा "व्हय व्हय" म्हणाल्या आणि घरी आल्या. मग पुतणीचं लग्न आलं, मग दुकानाचं नवं शटर आलं, मग श्रावण. आता "दिवाळी होऊन जाऊ दे" चाललं होतं. दर रविवारी शिवकन्या त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं करायची. दानम्मा तारखा वाचून दाखवायच्या. गेल्या वर्षी वाचत होत्या तेवढ्याच अंतरावरून. त्यावर शिवकन्या समाधान मानून घ्यायची.

मधल्या सुट्टीची घंटा झाली तशी ती शाळेतून निघाली. घर दहा मिनिटांवर. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून पाच बारीक पंख्यांचा आवाज येत होता.

ती मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबली आणि तशीच उभी राहिली.

पाटावर पॅड, पॅडवर लॅपटॉप, आणि त्याच्यासमोर मांडी घालून दानम्मा. डोक्यावरच्या पदरावरून मृत्युंजयचा हेडफोन चढवलेला. पडद्यावर एका ट्रकची मोठी काच होती. काचेपलीकडे कुठल्यातरी परदेशातला गुळगुळीत रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवी शेतं. दानम्मांची बोटं बटणांवर होती. चेहरा पडद्यापासून वीतभर अंतरावर आणि थोडा डावीकडे वळलेला. "सरक बाबा," त्या पुटपुटत होत्या, "सरक की. मागून येऊन आडवा कावून जातो."

शिवकन्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ती त्यांच्या डाव्या हाताला, जेमतेम दोन हात अंतरावर उभी होती, दारातून तिची सावली खोलीत पडली होती, आणि दानम्मांना ती आल्याचं कळलंच नव्हतं. कानात हेडफोन होता, ऐकू न येणं बरोबर होतं. पण दिसायला हवं होतं.

तिने हात उचलला आणि त्यांच्या डाव्या कानाच्या रेषेत धरला. बोटं हलवली. मग हात हळूहळू पुढे आणत गेली. गालापर्यंत. डोळ्यापर्यंत. डोळ्याच्याही पुढे. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा दानम्मा एकदम दचकल्या आणि पडद्यावरचा ट्रक कठडा घासत थांबला.

"कोन हाय?" त्यांनी हेडफोन ओढून काढला. पूर्ण मान वळवून पाहिलं तेव्हा ओळखलं. "तू व्हय. शाळा सुटली?"

"मधली सुट्टी आहे, आत्याबाई."

"मंग जेवून घे. भाकरी टोपल्यात हाय."

शिवकन्या खाली बसली. दानम्मा स्वतःहूनच बोलायला लागल्या.

"मृत्युंजयाला बोलू नको. मीच म्हनले त्याला, आईला सांगू नको म्हनून. उन्हाळ्यात त्यानं दाखवलं. दिसभर काय करू मी? गहू निवडता येईना, वाती वळता येईना. हितं पडदा मोठा हाय, अक्षरं मोठी करून दिलीत त्यानं. दूध भरायचं आन नेऊन पोचवायचं. लई लांब लांब जाता येतं. आन कुनी हॉर्न वाजवत न्हाई, बघ."

"म्हणजे पॅड तुम्हाला पाहिजे होता."

"मंग काय त्याला? त्यो रात्री घटकाभर बसतो, त्याची गाडी कुठं बंद पडती. माझी भर रस्त्यात बंद पडायची." दानम्मांनी पाटाकडे बोट केलं. "तुझं ते भिंतीवरचं मला ठाऊक हाय. मी सांगू का? सोमवारचा मोठा पंखा नुसता गुरगुरतो, कामाचा न्हाई. कालची जाळी तर दोनदा बंद पडली. हे पाचाचं बरं हाय. पन डाव्या हाताला गरमच राहतं, तिकडचा एक पंखा फटीखाली येत न्हाई वाटतं."

तक्त्यातले दोन खंड तिला आठवले. आठवडाभर आपण जे मोजत होतो ते सासूबाईंच्या तळहाताला आधीच कळलेलं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिला याचं कौतुक वाटलं असतं.

"आत्याबाई, उजव्या डोळ्यावर हात ठेवा."

"कशाला?"

"ठेवा तर."

दानम्मांनी हात ठेवला. शिवकन्याने त्यांच्यासमोर आपला हात धरला, बोटं फाकून.

"हा हात दिसतो?"

"कोनता हात?"

बाहेर एक ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत शिवकन्याने हात खाली घेतला नाही.

"काहीच दिसत नाही?"

"उजेड कळतो. खिडकी कुठं हाय ते कळतं."

"कधीपासून?"

"श्रावनापासून."

"आणि कॅलेंडर?"

"ते तू दोनी डोळे उघडे ठेवून वाचायला लावतीस. एका डोळ्यानं वाचते मी."

शाळेतल्या पोरांना शिवकन्या दरवर्षी शिकवायची, की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं झाकून ठेवा. तीन पॅड तिने वेगवेगळे तपासले होते. दोन डोळे मात्र तीन महिने एकत्र तपासत राहिली. एक तळहात आडवा धरायचा, इतकंच करायचं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले होते ते तुम्ही ऐकलं होतं," ती म्हणाली. आवाज तिला परका वाटला. "दुखतो का डोळा? डोकं दुखतं?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"खरंच न्हाई. तुझी शपथ."

"मग कावून, आत्याबाई?" शाळेतली भाषा तिच्या तोंडून गळून पडली. "कावून केलं न्हाई ऑपरेशन? लग्न आन शटर आन श्रावन, मला काय येडी समजता?"

दानम्मांचा हात गळ्याशी गेला, पदराखालच्या चांदीच्या पेटीपाशी. लिंगायत रीतीप्रमाणे जन्माच्या काही दिवसांत जंगमाने, म्हणजे गुरूने, बांधलेलं इष्टलिंग त्या पेटीत होतं. सदुसष्ट वर्षांत ते अंगावेगळं झालं नव्हतं, मरेपर्यंत व्हायचंही नसतं.

"हे काढायला लावतात," त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"मी पायलंय. माझ्या थोरल्या बहिनीचं पोटाचं ऑपरेशन झालं तवा. तिथल्या नर्स पोरीनं गळ्यातून काढलं, पिशवीत टाकलं आन पिशवीवर खाटेचा नंबर लिहिला. बहीन माझ्याकडं बघत व्हती, बोलली न्हाई काई. मला न्हाई जमायचं, शिवकन्या. डोळा गेला तर गेला."

एवढ्यासाठी. शिवकन्याला वाटलं, आपण ओरडू. दोन वर्षं ही बाई एक प्रश्न गळ्याशी धरून बसली आणि कुणाला विचारला नाही. आणि आपण कधी विचारलं? ऑपरेशन कधी, एवढंच विचारत राहिलो. ऑपरेशन का नको, हे विचारलं नाही.

"मृत्युंजय झाला तेव्हा," ती म्हणाली, आणि पुढचं बोलताना तिला पाटाच्या कडेला हात टेकावा लागला, "माझंही काढलं होतं."

दानम्मांनी मान वर केली.

"टेबलावर घेताना काढलं. स्टीलच्या वाटीत ठेवलं. सव्वा तास मी शुद्धीवर नव्हते. तुम्ही बाहेर बसला होता. शुद्धीवर आल्यावर मी आधी ते मागून घेतलं, बाळ नंतर पाहिलं. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही. अठरा वर्षं झाली."

दानम्मांचं तोंड जरासं उघडं राहिलं. त्या सुनेच्या गळ्याकडे बघत राहिल्या, जणू तिथलं काही आत्ता नव्याने हरवलं होतं. रागावतील, असं शिवकन्याला वाटलं. पाच पंखे घुमत होते. पडद्यावरचा ट्रक कठड्याला टेकून उभा होता.

"वाटीत काय घातलं व्हतं खाली?" दानम्मांनी शेवटी विचारलं.

"कापूस होता."

"हं."

"तुमचं तसं नसतं, आत्याबाई. डोळ्याचं ऑपरेशन वीस-पंचवीस मिनिटांचं. डोळाच तेवढा बधिर करतात, माणूस जागा असतो. हात मोकळे असतात. गळ्यात काही नको म्हणतात ते, पण मुठीत धरायला काय हरकत आहे? मी बोलते त्यांच्याशी. आधी बोलते, नेल्यावर नाही."

"मुठीत?"

"तुमच्याच. रोज पूजेला तळहातावर घेता तसं."

दानम्मांनी डावा हात उघडला. तो चेहऱ्याजवळ आणला, उजव्या डोळ्यासमोर, आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग बोटं एकेक करून मिटली. मूठ घट्ट केली. सैल केली. पुन्हा घट्ट केली.

"जागी असते न्हवं मी?"

"पूर्ण जागी."

"आन दाब वाढला असंल तर?"

"ते तपासल्यावरच कळेल. मला आत्ता माहीत नाही."

शिवकन्याने खोटा धीर दिला नाही, हे दानम्मांना बहुधा पटलं. त्यांनी मूठ मांडीवर ठेवली.

"सोमवारपर्यंत थांबायला नको," त्या म्हणाल्या. "दिवाळी झाल्यावरही नको. उद्या पहिल्या गाडीनं अंबाजोगाईला चल. डावा डोळा करून घेते मी."