चिठ्ठीवर असेल ते

बाबाजान शिकलगारांनी उभ्या आयुष्यात किती भांड्यांवर नावं घातली असतील, ते त्यांचं त्यांनाही सांगता यायचं नाही. बेलापूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर, पायरीवर पोतं अंथरून ते बसायचे. मांडीवर भांडं, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात इवलीशी हातोडी. टिक टिक टिक. ठिपक्याला ठिपका लागत जायचा आणि बघता बघता तांब्याच्या पोटावर कुणाच्या तरी लेकीचं नाव उभं राहायचं. गावजेवणाला पन्नास घरची भांडी एकत्र यायची आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याच्या घरी बिनबोभाट परत जायची, ती याच नावांच्या जोरावर. अक्षर असं देखणं की बायका म्हणायच्या, भांडं कुठूनही घ्या, नाव मात्र बाबाजानच्याच हातचं पाहिजे.

आणि आता गंमत ऐका. या गड्याला वाचता येत नव्हतं! एक अक्षर नाही. गिऱ्हाइकानं चिठ्ठी आणायची, बाबाजानने ती समोर ठेवायची, डोळे बारीक करून एकेक रेघ न्याहाळायची आणि होती तशी तांब्यावर उतरवायची. बाकीचे अक्षर काढत. हे चित्र काढत. काय डोळा असेल, सांगा!

पण त्याच डोळ्यानं एकदा दगा दिला. साल एक्क्याऐंशी, लग्नसराईची धांदल. शेजारच्या वस्तीवरचे आप्पासाहेब नावाचे शेतकरी लेकीसाठी तांब्याचा बंब घेऊन आले. चांगला कमरेएवढा, मधून धुराची नळी, खाली पितळी तोटी. चिठ्ठी हातात कोंबली आणि घाईघाईनं म्हणाले, "चिठ्ठीवर हाय ते घाला. आलोच मी बाजार करून."

बाबाजानने चिठ्ठी उघडली. सहा ओळी! एरवी लोक एका नावाच्या वर जात नसत. बाप असावा तर असा, म्हणून त्यांचा जीव भरून आला. चहासुद्धा न घेता दुपारभर बसून त्यांनी सहाच्या सहा ओळी घातल्या. मग दुकानदार बाहेर आला, त्यानं बंबावरचं मोठ्यानं वाचलं आणि हसत हसत पायरीवरच बसला.

पहिल्या दोन ओळी नावाच्या होत्या. खालच्या चार ओळी म्हणजे आप्पासाहेबांची बाजाराची यादी! घाईत कागद फाडायचा राहून गेला होता. आप्पासाहेब परत आले, त्यांनी कपाळाला हात लावला, पण गाडी जुंपून उभी होती. एक वाकडा शब्द न बोलता ते तसाच बंब घेऊन गेले. बाजार कसला गप्प बसतोय? पुढं कित्येक वर्षं जो तो म्हणायचा, "बाबाजान, नुसतं नाव घाला बरं का, यादी नको!"

बाबाजानला ते फार लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी लेकीचं, हमिदाचं, पहिलीचं पुस्तक पुढ्यात ओढलं आणि पस्तिसाव्या वर्षी सहा वर्षांच्या पोरीकडून अक्षरं शिकून घेतली. त्यानंतर हातून तशी चूक कधी झाली नाही.

आता बाबाजान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. भांडी स्टीलची झाली, नावं मशीनवर पडायला लागली. टिक टिक ऐकून ऐकून कान मंदावले. हमिदा स्वतः शाळेत मास्तरीण झाली. तिनंच एके दिवशी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. "अब्बा, हे बघा. नगरला जुन्या वस्तूंचा लिलाव आहे."

फोटोत तो बंब होता. घासून लखलखीत केलेला. खाली लिहिलं होतं: 'तांब्याचा बंब, मजेदार मजकुरासह. कारागीर अज्ञात.'

बाबाजानचा चेहराच उतरला. म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांनी ती फजिती पुन्हा चव्हाट्यावर! उद्या कुणीतरी शहरातला माणूस तो बंब घेईल, दिवाणखान्यात मांडेल आणि येणारा-जाणारा खदाखदा हसेल. आपण कबरीत आणि चूक मात्र चकचकीत.

"मला तो बंब पायजे," ते म्हणाले. "घासून पुसून टाकतो त्याच्यावरचं. मग मरायला मोकळा."

"अब्बा, असं काय बोलता?"

"कानाच्या मशीनसाठी ठेवलेलेत ना पैसे? ऱ्हाऊ दे मशीन. लोकांचं हसणं ऐकू यायला कशाला पायजे मशीन?"

हमिदानं खूप समजावलं. पण म्हातारा हट्टाला पेटला की पेटला. छिन्नी, हातोडी आणि घासकागद पिशवीत टाकून निघालासुद्धा.

लिलाव सावेडीतल्या एका मंगल कार्यालयात होता. जिथं वधूवर बसतात तिथं जुनी घड्याळं, ग्रामोफोन, पानाचे डबे आणि मोठमोठी कुलपं मांडली होती. बाबाजान प्रत्येक वस्तूपाशी थबकत होते. एका पितळी डब्याच्या झाकणावरची वेल त्यांनी बोटानं चाचपली. "बघ हमिदा, कुठंच हात अडलेला न्हाई. कोण असंल गं हा? वा रे पठ्ठ्या!" त्या न पाहिलेल्या माणसाला त्यांनी कपाळाला हात लावून सलाम केला. दुसऱ्याच्या हाताचं कौतुक करताना या माणसाची जीभ कधी आखडली नाही. स्वतःच्या बंबाकडं मात्र त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

ऐकू यावं म्हणून ते अगदी पहिल्या रांगेत बसले. लिलाव पुकारणारा रविराज नावाचा तरणाताठा माणूस होता, आवाज खणखणीत, हातात लाकडी हातोडा. बंब पुढं आला तसा त्याला चेव आला.

"आता ऐका मंडळी, यावर काय कोरलंय! चि. सौ. कां. झुंबर हिस. आप्पासाहेब यांजकडून. गूळ पाच किलो. हळकुंडं पावशेर. मांडववाल्यास निरोप. झुंबरला हिरव्या बांगड्या, इसरू नये!"

अख्खं कार्यालय हसलं. बाबाजानचे कान मंद होते, पण हे हसू त्यांना जसंच्या तसं ऐकू आलं. कानाच्या पाळ्या तापल्या. हमिदानं त्यांचा हात घट्ट धरला.

बोली दहा हजारांपासून सुरू झाली. पुण्याचा एक हॉटेलवाला ताठ बसून पाटी वर करत होता. "दारातच ठेवणार. लोक फोटो काढतील," असं तो शेजाऱ्याला सांगत होता. बाबाजान त्याच्यावर पाटी वर करत. आणि मागून, अगदी शेवटच्या रांगेतून, आणखी एक पाटी वर जात होती.

"मागं कोण हाय?" बाबाजानने विचारलं.

"कुणी बाई आहेत, अब्बा. साठीच्या असतील."

"तिला कशाला पायजे? पानी तापवायला?"

पंचवीस हजारांना हॉटेलवाल्यानं मान हलवली आणि पाटी मांडीवर ठेवली. आता उरले दोघंच. सव्वीस बाईंचे. सत्तावीस बाबाजानचे. अठ्ठावीस बाईंचे. बाबाजानकडं सगळे मिळून तीस होते. "एकोणतीस!" ते ओरडले. ऐकू कमी येणाऱ्याचा आवाज तो, छपराला भिडला.

मागची पाटी वर गेली नाही.

"एकोणतीस हजार, एक वार," रविराज म्हणाला. "एकोणतीस हजार, दोन वार..."

"थांबा जरा!"

ती बाई उठली होती. नऊवारीचा पदर खोचून, खुर्च्या बाजूला सारत ती तरातरा पुढं आली आणि बाबाजानच्या समोर उभी राहिली. "कोन हाय तुमी? कशापायी पायजे तुमास्नी माझा बंब?"

"तुझा?" बाबाजान बघतच राहिले.

"माझाच! मी झुंबर. नेवाशाकडं दिलेली. म्या भनीकडं गेल्ते, तवर घरात सोलर बसवलं आन् पोरानं बंब मोडीत घातला. चार म्हैनं हुडकतीय मी. अठ्ठावीसच्या म्होरं माझ्याकडं एक पैका न्हाई. पन तुमी सांगा तर खरं, करनार काय त्याचं?"

बाबाजानची मान खाली गेली. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. "पुसून टाकनार हाय," ते म्हणाले. "तुझ्या लग्नातल्या बंबावर ती यादी म्याच घातली, पोरी. तवा मला वाचता येत न्हवतं. सगळा बाजार हसला. तुझ्या बापाची आन् तुझी बी शोभा झाली. ती चूक मला माझ्या डोळ्यांदेखत मिटवायचीय."

झुंबरबाई मटकन खुर्चीवर बसली. "तुमी बाबाजान चाचा?" ती म्हणाली, आणि पुढच्या क्षणी तिच्या डोळ्यांना धार लागली. "पुसता? आवो, हात तर लावून बघा!"

तिनं त्यांचा हात धरला आणि सरळ बंबापाशी नेला. त्यांचं बोट उचलून तिनं 'गूळ' शब्दावर ठेवलं.

"ह्यो ळ बघा. दुसरा फुगा पयल्यापेक्षा मोठा. आन् ही किलोवरची मात्रा बघा, बैलाच्या शिंगावानी मागं वळलेली. माझा बाप दुसरी शिकल्याला. असंच लिवायचा. मला देऊन दोन वर्सं झाली न्हाईत तर तो गेला. त्याचं कागदपत्र वाळवीनं खाल्लं. त्याच्या हातचं एक अक्षर कुठं न्हाई, चाचा. हितंच हाय."

बाबाजान वाकले. चाळिशी नाकावर सरकवून त्यांनी ओळीमागून ओळ पाहिली. खरंच होतं. हे त्यांचं अक्षर नव्हतंच. वाचायला आल्यापासून त्यांनी हजारो नावं घातली, ती सगळी त्यांच्या स्वतःच्या वळणाची. कारण शब्द कळला की माणूस चिठ्ठी बघायचंच सोडतो. पण त्या दुपारी त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळंच पाहिलं होतं. शेवटच्या ओळीत बापानं पेन्सिल दाबून लिहिलं होतं, तर तिथले ठिपकेसुद्धा खोल गेले होते. स्वतःच्या हाताचं कौतुक करायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि ते कसं करतात हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.

"मग बांगड्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"इसरला की!" झुंबरबाई रडता रडता हसली. "यादीच तुमच्यापाशी ऱ्हायली, मग बाजारात काय आठवनार? मावशीनं सवताच्या काढून माझ्या हातात भरल्या. पन रोज सकाळी जळन घालताना मी हे वाचायची. 'इसरू नये.' लिवलं हुतं ना त्यानं? त्येच्या मनात हुतं ना?"

कार्यालयात आता कुणी हसत नव्हतं. हॉटेलवाला चष्मा पुसत बसला होता. बाबाजान वळून रविराजला म्हणाले, "साहेब, माझी बोली मागं घ्या."

"बोली मागं घेता येत नाही, काका," रविराज म्हणाला. मग त्यानं हातातल्या हातोड्याकडं पाहिलं. तो अजून वरच होता. "पण तुमची शेवटची बोली मला नीट ऐकूच आली नाही. अठ्ठावीस हजार, झुंबरबाई. कुणाची हरकत?"

एवढी बोंब ठोकून बोललेली बोली ऐकू आली नाही म्हणे! पण हरकत कोण घेतो? हॉटेलवाल्यानं आधी हात जोडले. हातोडा पडला. रविराजनं खिशातून पेन काढलं, यादीतलं 'अज्ञात' खोडलं आणि म्हणाला, "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा." बाबाजानला ते दोनदा विचारावं लागलं, कारण पहिल्यांदा खरंच त्यांना ऐकू आलं नाही.

बंब बाहेर पायरीपाशी आणला. टेम्पो यायला अवकाश होता. झुंबरबाई बंबाभोवती एक फेरी मारून आली. "चाचा, तुमचं नाव कुठं हाय ह्याच्यावर?"

"नाव घालनाऱ्याचं नाव कोन घालतंय व्हय?"

"मी घालायला सांगतीय. तुमच्या पिशवीत छिन्नी हाय ते बघितलंय म्या."

बाबाजान पायरीवर बसले आणि हात पुढं केला. "चिठ्ठी लिहून दे. तुझ्या हातानं."

"माझं अक्षर लई वंगाळ."

"दे तर खरं."

झुंबरबाईनं हमिदाकडून पेन घेतलं, लिलावाच्या कागदाच्या पाठीवर जीभ दाताखाली धरून लिहिलं आणि कागद दिला. बाबाजानने या वेळी आधी शेवटपर्यंत वाचलं. 'नाव घालनार बाबाजान शिकलगार बेलापूर.' आणि त्याखाली: 'जेवल्याबिगर जायाचं न्हाई.'

हमिदानं खांद्यावरून डोकावून पाहिलं. "अब्बा, ती खालची ओळ तुमच्यासाठी आहे. ती नाही घालायची."

"चिठ्ठीवर असंल ते घालायचं," बाबाजान म्हणाले.

त्यांनी चाळिशी नाकावर सरकवली आणि शब्द सोडून नुसत्या रेघा बघायच्या म्हणून मास्तरीण लेकीच्या हातात चिठ्ठी अगदी डोळ्यांजवळ धरायला दिली. मग छिन्नी टेकवली. टिक टिक टिक. झुंबरबाईचा 'जे' वाकडा होता. त्यांनी तो वाकडाच घातला.