जिन्यावरच्या खुर्च्या

कोलंबिया स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतलं ते तीनमजली लाकडी घर अजून उभं आहे. आता त्याला करडा रंग दिलाय. तेव्हा ते फिकट हिरवं होतं. वरच्या मजल्यावर देओलिंदा आरुडा, तिचा नवरा जेरमानो आणि त्यांची लहानगी लेक लुसिया दोन खोल्यांत भाड्याने राहत होती. मधला मजला नाताळपासून रिकामा होता आणि तळमजल्यावर घरमालकीण, मादाम तिबो. मादाम मूळच्या क्वेबेककडच्या. त्यांची फ्रेंच माणसं एकेक करून नदीपलीकडे सॉमरसेटला नव्या घरांत गेली होती, आणि त्यांनी सोडलेल्या जागांत पोर्तुगालच्या असोरिस बेटांवरून आलेली आमची माणसं शिरत होती. अमेरिकेतलं ते फॉल रिव्हर गाव तेव्हा असं हळूहळू कूस बदलत होतं.

हिवाळ्यात एकदा बर्फ उपसत असलेल्या जेरमानोला मादाम म्हणाल्या होत्या, "घर विकायचंय मला. तुमचाही विचार करीन. इस्टर होऊ दे, मग सांगते."

त्या दिवसापासून देओलिंदाच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. नदीपलीकडे याहून मोठी जागा मिळेल, पुढे अंगण असेल, असं जेरमानो म्हणायचा.

"आणि दिवसभर काय अंगणाशी बोलत बसू?" ती विचारायची. "इथे कारखाना हाकेवर आहे, बेकरी आहे, चर्च आहे. मला घर हवंय ते इथलं. नाहीतर नकोच."

पण मादामचा मुलगा रोलां याने आपलं गिऱ्हाईक आणलं होतं, मजले भाड्याने देऊन पैसा करणारा कुणी धंदेवाला. त्याच्यापुढे आपल्याकडे काय आहे, याचा देओलिंदाने खूप विचार केला. एकच गोष्ट सापडली. आपल्यासारखी शांत माणसं त्या बाईला मिळायची नाहीत. तीन वर्षांत त्यांच्या खोल्यांतून खाली आवाज गेला नव्हता. खुर्च्यांच्या पायांना तिने जाड लोकरीचे तुकडे चिकटवले होते. लुसिया घरात मोज्यांवरच चालायची. जेरमानोला शिंक आली की तो उशी शोधायचा.

आणि अशात घरी मुकुट येणार असल्याचं उघड झालं.

इस्टरनंतरचे सात आठवडे पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट आमच्यातल्या सात घरी फिरतो. एकेका घरी आठवडाभर मुक्काम. रोज संध्याकाळी शेजारीपाजारी जपमाळ म्हणायला येतात, मग गोड पाव, कॉफी, गप्पा. आणि मुकुट निघतो त्या रविवारी सगळ्यांना सूपचं जेवण. कुणाची घरं, ते आदल्या वर्षीच्या सणाला चिठ्ठ्या टाकून ठरतं. जेरमानोने बायकोला न विचारता आपल्या नावाची चिठ्ठी टाकली होती आणि ती निघालीही होती. वर्षभर हा माणूस गप्प बसला.

"दोन खोल्यांत देवाला बोलावलंस?" देओलिंदा म्हणाली.

"नवस होता. घर दे, मुकुट ठेवतो."

"मग घर मिळाल्यावर चिठ्ठी टाकायची. तू तर देवाकडून आगाऊ उचल घेतलीस."

"मला वाटलं, तोवर झालेलं असेल."

मुकुट दुसऱ्या कुणाला द्यावा का, म्हणून ती नातालिया मावशीकडे गेली. सगळ्या गल्लीची ती मावशी. मावशीने पीठ मळता मळता ऐकून घेतलं.

"आलेला मुकुट परत? वेड लागलंय का तुला, लिंदा? माझ्या आजोबांनी गोठ्यातली गाय बाहेर बांधून तिथे ठेवला होता. तुझ्याकडे तर गाय पण नाही."

रविवारी मुकुट आला. पलंग उभा करून भिंतीला टेकवला, खोलीत पायऱ्यापायऱ्यांची वेदी केली, पांढरी कागदी फुलं लावली. सोमवारी सकाळी कारखान्यात जाण्याआधी देओलिंदा गोड पाव घेऊन खाली गेली.

"मादाम, संध्याकाळी थोडी माणसं येतील. प्रार्थनेला."

मादामने पाव घेतला. "किती दिवस?"

"रविवारपर्यंत."

"हं," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

दिवसभर कॉलरी शिवताना देओलिंदा त्या 'हं'चा अर्थ लावत राहिली. एकही अर्थ चांगला निघेना.

पहिल्या दिवशी खोली भरली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर. बुधवारी बायका बाहेर जिन्यावर बसल्या आणि रांग मधल्या मजल्यापर्यंत गेली. वरून देओलिंदा म्हणायची, अर्धी प्रार्थना जिना उतरत जायची आणि उत्तर खालून वर चढत यायचं. लाकडी घर ते, नुसतं घुमायचं.

गुरुवारी ती वेदीपुढे गुडघ्यांवर असताना खाली मोटार थांबली. रोलांचा आवाज तिने ओळखला. "ममां, हे काय चाललंय इथे?" त्याच्याबरोबर अनोळखी पुरुषाचा आवाजही होता. आज घर दाखवायला आणणार होता तर. प्रार्थना सांगणारीने मध्येच उठायचं नसतं, म्हणून ती तशीच म्हणत राहिली. थोड्या वेळाने खालचं दार आपटलं. मग लाकडावर लाकूड आपटल्याचे आवाज सुरू झाले. ठक, ठक, काहीतरी ओढलं जात होतं.

सामान काढताहेत, तिच्या मनात आलं. झाला सौदा.

'प्रणाम मारिये' म्हणताना तिची जीभ अडखळली, एक ओळ गळाली. पण जिन्याने तिच्या चुकीकडे लक्ष न देता नेहमीसारखं उत्तर दिलं, आणि तिला पुढे जाता आलं.

प्रार्थना संपल्यावर ती दाराबाहेर आली आणि कठड्याला धरून उभी राहिली. प्रत्येक वळणावर खुर्च्या होत्या. भरतकामाच्या गाद्यांच्या, मादामच्या जेवणघरातल्या. खालून एकेक वर सरकवलेल्या. म्हाताऱ्या बायका त्यांच्यावर ऐसपैस बसल्या होत्या. अगदी खाली, दिवंगत तिबोसाहेबांच्या आरामखुर्चीत नातालिया मावशी होती.

"ही मला मिळाली," मावशी खालून ओरडून म्हणाली. "फ्रेंच माणसं गादी मात्र चांगली भरतात."

तिच्याजवळ शेवटच्या पायरीवर मादाम बसल्या होत्या. हातात त्यांची स्वतःची जपमाळ होती.

देओलिंदा खाली उतरली. "मादाम, माफ करा. गिऱ्हाईक आलं होतं ना?"

"आलं होतं. त्याला वरचे मजले बघायचे होते. मी म्हटलं, प्रार्थना करणाऱ्यांच्या अंगावरून जाता येणार नाही. म्हणाला, कधी संपेल? म्हटलं, रविवारी." मादामने माळ खिशात टाकली. "रोलां रागावून गेलाय. येईल परत, त्याला माझ्या हातची बटाट्याची भाजी लागते."

"आम्ही इतका आवाज कधीच करत नाही. तीन वर्षांत कधी—"

"तेच म्हणते मी. तीन वर्षं! अगं, दोनदा मी रोलांला म्हटलं, वरची माणसं निघून गेली की काय ते बघून ये. मधला मजला रिकामा झाल्यावर तर मी रेडिओ लावून झोपायला लागले. मला वाटायचं, तुम्हाला हे घर आवडत नाही. आवडलेल्या घरात माणूस असं चोरासारखं वावरतं का?"

ते लोकरीचे तुकडे, ते मोजे, ती उशी, सगळं देओलिंदाच्या डोळ्यांपुढून गेलं.

"तुला देते मी घर," मादाम म्हणाल्या. "एकच अट आहे. तळमजल्यावर मी राहणार, भाडं देऊन. नदीपलीकडे रोलांकडच्या खिडकीतून गवत दिसतं, नुसतं गवत. आणि रविवारचं काय करणार आहात? सूप कुठे वाढणार, जिन्यावर?"

"अजून ठरलं नाही."

"माझी पुढची खोली मोठी आहे. टेबलही आहे."

मावशी आरामखुर्चीतून म्हणाली, "लिंदा, हो म्हण लवकर. ह्या खुर्चीतून मी काही उठणार नाही आता."

शनिवारी रात्री मुकुट तळमजल्यावर उतरला. रविवारी मादामच्या टेबलावर पावाच्या तुकड्यांवर मटणासारखं शिजलेलं गोमांस, कोबी आणि वाफाळता रस्सा पडला. मादामने पहिला घोट घेतला आणि भुवया उंचावल्या. "रश्श्यात पुदिना?" म्हणाल्या, आणि ताट पुढे करून पुन्हा वाढून घेतलं. दुपारी मुकुट पुढच्या घराकडे निघाला तेव्हा जेरमानो रस्त्यात उभा राहून रडला. देओलिंदाने त्याला कोपराने ढोसलं, पण रुमालही तिनेच दिला.

देवाचे आभार ती त्या दिवशी मानत होतीच. पण आभार मानता मानता तिच्या डोळ्यांपुढे सारख्या येत होत्या त्या जिन्यावर बसलेल्या बायका. कारखान्यातून उभ्या-उभ्या दमून आलेल्या, घरी चूल पेटवायची बाकी असलेल्या, तरी रोज आलेल्या. त्या जिन्यावर बसल्या नसत्या तर घर मिळालं नसतं, हे तिने जन्मभर ज्याला-त्याला सांगितलं.

जूनमध्ये सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मादाम तिबो दोन मजले चढून आल्या होत्या आणि कठड्याला धरून धापा टाकत होत्या.

"घरमालकीणबाई," त्या म्हणाल्या, "माझा नळ गळतोय."

देओलिंदाने मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणताहेत म्हणून. मागे फक्त लुसिया होती. मग तिने पाना उचलला, पायांत चपला सरकवल्या आणि खडखडत जिना उतरली.